चवथीत चुकलेले डायलिसिस : एका रुग्णाच्या शुश्रूषेचा प्रकरण अभ्यास

सत्तरी तालुक्यातील एका गावात कुळागर (माड-सुपारीची बाग) सांभाळणारे ५६ वर्षांचे गृहस्थ दोन वर्षांपासून दर सोमवारी आणि गुरुवारी उत्तर गोव्यातील एका डायलिसिस विभागात येत होते. त्यांना बऱ्याच वर्षांचा मधुमेह आणि उच्च रक्तदाब होता आणि मूत्रपिंडे निकामी होण्यामागे हीच दोन कारणे होती. डाव्या मनगटाजवळचा फिस्टुला (डायलिसिससाठी शस्त्रक्रियेने धमनी आणि शीर जोडून केलेला मार्ग) चांगला चालत होता, ड्राय वेट, म्हणजे अंगात जादा पाणी नसतानाचे वजन, ५८ किलो ठरलेले होते आणि दिवसाला साधारण ३०० मिली लघवी अजून होत होती. रुग्णाची ओळख पटू नये म्हणून येथे काही तपशील बदलले आहेत. शुश्रूषेचा क्रम मात्र तसाच ठेवला आहे.

त्या वर्षी चवथ, म्हणजे गणेश चतुर्थी, बुधवारी आली. घरचा गणपती दीड दिवसाचा असल्यामुळे विसर्जन गुरुवारी, म्हणजे नेमके डायलिसिसच्या दिवशी होते. घरात वडीलधारे तेच, पूजा त्यांच्याच हातून होणार, त्यामुळे गुरुवारची पाळी चुकली. शुक्रवारी त्यांना बरे वाटत होते आणि सोमवार जवळच आहे, असा घरच्यांनी विचार केला. रविवारी रात्री त्यांना आडवे पडवेना. सोमवारी पहाटे त्यांना गाडीत बसवून आणले, तेव्हा आधीच्या डायलिसिसला जवळजवळ सात दिवस होत आले होते.

विभागात आले तेव्हा ते पुढे वाकून, दोन्ही हात गुडघ्यांवर टेकून बसले होते. श्वसनाचा वेग मिनिटाला ३२, ऑक्सिजनचे प्रमाण साध्या हवेत ८६ टक्के, रक्तदाब १९०/१००, दोन्ही फुप्फुसांच्या तळाशी ओलसर आवाज, पायांवर घोट्याच्या वरपर्यंत सूज आणि वजन ६३.४ किलो. म्हणजे ५.४ किलो पाणी अंगात साठले होते. दोन डायलिसिसमधील वजनवाढ ड्राय वेटच्या चार ते साडेचार टक्क्यांच्या आत असावी, असे आपण रुग्णांना सांगतो. येथे ती नऊ टक्क्यांवर गेली होती. धाप लागण्याचे कारण शोधावे लागावे, अशी स्थितीच नव्हती.

तरीही सर्वांत महत्त्वाची नोंद वेगळीच होती. नाडी ४६ होती. फुप्फुसांत पाणी भरलेल्या, घाबरलेल्या, हवेसाठी धडपडणाऱ्या माणसाची नाडी शंभराच्या वर असायला हवी. ते मेटोप्रोलॉल ही नाडी संथ करणारी रक्तदाबाची गोळी घेत असल्यामुळे संथ नाडीचा दोष त्या गोळीवर टाकणे सोपे होते. पण त्याच गोळीवर गेल्या सोमवारी नाडी ७२ होती आणि ती नोंद त्यांच्या डायलिसिसच्या वहीत होती. त्यांना स्वीकारणाऱ्या परिचारिकेने आधी ही वही उघडली, नंतर पाय उचलायला सांगितले. पाय पलंगावरून जेमतेम उचलले गेले. संथ नाडी, पायांतली शक्ती जाणे आणि चुकलेले डायलिसिस एकत्र आले की पोटॅशियम वाढले आहे असे धरून चालावे आणि प्रयोगशाळेच्या अहवालाची वाट न पाहता ईसीजी काढावा. तिने तेच केले. ईसीजीच्या आलेखात टोकदार उंच टी तरंग होते, पी तरंग जवळजवळ सपाट झाले होते आणि क्यूआरएस हा मधला तरंग रुंदावला होता; ही वाढलेल्या पोटॅशियमचीच चिन्हे. रक्तवायू तपासणीच्या यंत्रावर पोटॅशियम ७.४ मिलिमोल प्रति लिटर आले, तोवर डॉक्टर पलंगाजवळ पोहोचले होते आणि कॅल्शियम ग्लुकोनेट भरून तयार होते.

परिचारिकांच्या प्रशिक्षणात या प्रसंगावर मी नेहमी थांबते. धाप हे डोळ्यांना दिसणारे लक्षण आहे आणि ते सगळ्यांचे लक्ष खेचून घेते. वाढलेले पोटॅशियम मात्र हृदय बंद पडेपर्यंत फारसे काही दाखवत नाही. ते ओळखायचे तर आजच्या आकड्याशेजारी त्याच माणसाचा गेल्या वेळचा आकडा ठेवावा लागतो आणि तो आकडा परिचारिकेनेच लिहून ठेवलेला असतो.

उपचारांचा क्रम ठरलेला आहे. त्यातील शुश्रूषेचा भाग मात्र बारकाईने सांगायला हवा. रुग्णाला ताठ बसते ठेवून मास्कने ऑक्सिजन दिला आणि मॉनिटर लावला. औषधांसाठी शिरेतली सुई उजव्या हाताच्या पाठीवर लावली, कारण फिस्टुलाच्या हाताला सुई, पट्टा किंवा रक्तदाबाची पट्टी लावायची नाही. दुसऱ्या हाताच्या कोपराजवळच्या शिराही पुढील फिस्टुलासाठी राखून ठेवायच्या असतात. दहा टक्के कॅल्शियम ग्लुकोनेट १० मिली मॉनिटरकडे पाहत सावकाश दिले. हे औषध शिरेबाहेर गेले तर त्वचा व मांस जळते, म्हणून आधी शीर नीट वाहते आहे याची खात्री करून घेतली. काही मिनिटांत क्यूआरएस अरुंद झाला आणि नाडी ६० वर आली. तेव्हा शेजारी उभ्या असलेल्या नातेवाइकांना आणि नवीन परिचारिकेलाही धोका टळला असे वाटले. पण कॅल्शियममुळे पोटॅशियम उतरत नाही. ते हृदयाला अर्धा-एक तास संरक्षण देते, इतकेच. नंतर दिलेले इन्सुलिन व डेक्स्ट्रोज आणि साल्ब्युटामॉलची वाफ पोटॅशियमला काही तासांपुरते पेशींमध्ये ढकलतात. ते शरीराबाहेर काढण्याचे काम डायलिसिसच करते. म्हणून औषधे चालू असतानाच दुसऱ्या परिचारिकेने यंत्र तयार करायला घेतले होते.

डायलिसिस सुरू करण्यापूर्वी फिस्टुलावर बोटे ठेवून कंप जाणवतो का ते पाहिले आणि स्टेथोस्कोपने आवाज ऐकला. दोन्ही ठीक होते. प्रश्न होता पाणी किती काढायचे हा. मुलाचे म्हणणे होते की सगळे आजच काढा. त्याची तळमळ रास्त होती, पण हिशेब वेगळा सांगत होता. ताशी, प्रत्येक किलो वजनामागे १३ मिलीपेक्षा जास्त वेगाने पाणी ओढले तर रक्तदाब कोसळण्याचा आणि हृदयाला कमी रक्त मिळण्याचा धोका वाढतो. ५८ किलोंच्या माणसासाठी हा वेग ताशी सुमारे ७५० मिली होतो, म्हणजे चार तासांत साधारण तीन लिटर. डॉक्टरांनी पहिल्या दिवशी तीन लिटर आणि उरलेल्या पाण्यासाठी दुसऱ्याच दिवशी पुन्हा डायलिसिस असे ठरवले. परिचारिकेने तो हिशेब मुलाला कागदावर करून दाखवला आणि त्याला तो पटला.

तिसऱ्या तासाला रुग्णाला दरदरून घाम फुटला आणि ते गोंधळल्यासारखे बोलू लागले. डायलिसिस चालू असताना घाम आला की रक्तदाब उतरला असावा, हा पहिला विचार असतो आणि हात आपोआप पलंगाचे पाय उंच करण्याकडे जातो. रक्तदाब तपासला तर तो १३८/८० होता. लगेच बोटातून साखर पाहिली तेव्हा ती ५४ निघाली. मूत्रपिंडे निकामी असताना इन्सुलिन शरीरात जास्त काळ टिकून राहते, त्यामुळे पोटॅशियमसाठी दिलेल्या इन्सुलिननंतर सहा तासांपर्यंत केव्हाही साखर घसरू शकते. दर तासाला साखर पाहण्याचा नियम या घसरणीसाठीच असतो आणि एकदा डेक्स्ट्रोज दिले म्हणून तो सोडून चालत नाही. शिरेतून डेक्स्ट्रोज दिल्यावर ते पाच मिनिटांत नीट बोलू लागले.

संध्याकाळी त्यांचे वजन ६०.५ किलो होते आणि ते दोन उशा घेऊन झोपू शकत होते. डायलिसिस संपल्यावर पेशींतले पोटॅशियम पुन्हा रक्तात उतरते, म्हणून चार तासांनी ते परत तपासले, ते ५.६ होते.

येथून पुढचे काम मला अधिक मोलाचे वाटते. त्यांच्या जुन्या कागदांवर दोन ठिकाणी ‘पथ्य पाळत नाहीत’ असा शेरा होता. या शेऱ्यावर माझा आक्षेप आहे आणि तो मी स्पष्ट लिहिते. त्यातून रुग्ण काय खातो, काय पितो, केव्हा आणि का, यांपैकी काहीही कळत नाही. पुढे काय करायचे तेही कळत नाही. उलट पुढची परिचारिका तो शेरा वाचून विचारायचेच सोडून देते. त्याच कागदावर ‘पाणी : दिवसाला पाऊण लिटर’ अशीही नोंद होती. ती खोटी नव्हती. पाणी किती पिता, असे विचारल्यावर घरच्यांनी पाण्याचेच उत्तर दिले होते.

मंगळवारी दुसरे डायलिसिस चालू असताना परिचारिका त्यांच्या पत्नीजवळ बसली आणि प्रश्न वेगळ्या रीतीने मांडला. “काकी, सकाळी डोळे उघडल्यापासून रात्री दिवा मालवेपर्यंत यांच्या पोटात काय काय जाते, ते क्रमाने सांगा. चूक-बरोबर काही नाही, मी फक्त लिहून घेते.” काकींनी सांगितले : उठल्यावर चहा, नाश्त्याबरोबर चहा, दहा-साडेदहाला पेज, दुपारी भात-आमटी आणि वर सोलकढी, चारला पुन्हा चहा. शिवाय अशक्तपणा आला आहे म्हणून कुळागरातल्या माडाचे एक शहाळे रोज. ते धाकटा भाऊ आठवणीने पाडून आणत असे. पेजेचा वाडगा केवढा असतो, असे विचारल्यावर काकी चमकल्या. “पेजेला पाणी म्हणायचे काय, सिस्टर? ते तर जेवण.”

विभागातलीच भांडी आणून काकींना घरच्याएवढा वाडगा, पेला आणि कप दाखवायला सांगितले आणि मापून पाहिले. पेज ४०० मिली, सोलकढी २००, तीन चहा मिळून ३६०, शहाळे ३५० आणि साधे पाणी ७००. आमटी सोडूनही दोन लिटर झाले. त्यांना परवानगी होती ती लघवीइतके ३०० मिली अधिक ५०० मिली, म्हणजे ८०० मिलीची. ज्या घराने पाण्याचा पेला इतक्या निष्ठेने मोजला होता, त्या घरात बाकीचे सव्वा लिटर कोणाच्याच हिशेबात नव्हते.

पोटॅशियमचा शोधही याच रीतीने लागला. शहाळ्याच्या पाण्यात दर १०० मिलीला अदमासे २०० मिलीग्रॅम पोटॅशियम असते, म्हणजे एका शहाळ्यातून ७०० मिलीग्रॅमच्या आसपास. डायलिसिसवरील रुग्णाने दिवसभरात दोन ते अडीच हजारांपलीकडे जाऊ नये असे सांगितले जाते. त्यातला तिसरा हिस्सा एका शहाळ्यात संपत होता. त्यात चवथीचे दोन-तीन दिवस कंदमुळे आणि कच्ची केळी घातलेले खतखते जेवणात होते. विसर्जनानंतर माटोळी (गणपतीच्या वर टांगलेली फळाफुलांची सजावट) उतरवली, तेव्हा तिची केळी आणि चिबूड घरात वाटले गेले. चिबूड नारळाचा रस आणि गूळ घालून खाल्ला गेला. यातला प्रत्येक पदार्थ पोटॅशियमने भरलेला आहे. शिवाय न विचारता कोणी सांगत नाही अशी एक गोष्ट निघाली : चार दिवस शौचाला झाले नव्हते. मूत्रपिंडे काम करत नाहीत तेव्हा पोटॅशियम बाहेर टाकण्याचा मोठा भार आतड्यांवर येतो. त्यामुळे डायलिसिसच्या रुग्णाला बद्धकोष्ठ आहे का, हा प्रश्न रक्तदाबाइतकाच नेमाने विचारायला हवा.

गोव्यातील परिचारिकांनी आणखी दोन फळांची चौकशी नाव घेऊन करावी असे मी सुचवीन, जरी या रुग्णाने ती खाल्ली नव्हती. पहिले करमल, म्हणजे स्टार फ्रूट. त्यातील विष निरोगी मूत्रपिंडे सहज बाहेर टाकतात, पण मूत्रपिंड निकामी असलेल्या माणसाला एखाद्या फळानेही न थांबणारी उचकी, भ्रम आणि झटके येऊ शकतात, आणि मृत्यूही झालेले आहेत. दुसरे बिंबल, करमलाच्याच कुळातले आंबट फळ. त्यात ऑक्झॅलेट भरपूर असते आणि मधुमेह किंवा कोलेस्टेरॉल उतरावे म्हणून त्याचा रस मोठ्या प्रमाणात पिणाऱ्यांची चांगली मूत्रपिंडेही बिघडलेली आहेत. दोन्ही झाडे आपल्या परसात असतात. मग ती धोक्याची असतील असे कोणाला वाटणार?

हिशेब ऐकून काकींचे डोळे भरून आले. रोज शहाळे फोडून देणारा हात त्यांचाच होता. परिचारिकेने त्यांना सांगितले की ताप आलेल्या किंवा उन्हाने थकलेल्या माणसाला शहाळे देणे योग्यच असते आणि घरात पिढ्यान्‌पिढ्या तेच चालत आले. यांच्या आजारात त्याचा अर्थ बदलला, आणि हे त्यांना कोणी समजावून सांगितले नव्हते. हे समजावणे मी औपचारिक सांत्वन मानत नाही. स्वतःला दोष देणारी व्यक्ती पुढच्या वेळी खरे सांगायला कचरते आणि मग आपल्याला पुन्हा पाऊण लिटरचीच नोंद मिळते.

पथ्याचा आराखडा छापील तक्त्यावरून न देता त्यांच्या स्वयंपाकघरावरून केला. ८०० मिलीची खूण केलेली एक बाटली रोज सकाळी खुणेपर्यंत भरून ठेवायची. दिवसभरात चहा, पेज, आमटी, औषधाचे पाणी यांपैकी जे काही द्रव पोटात जाईल, तितकेच पाणी बाटलीतून ओतून टाकायचे. बाटली रिकामी झाली की त्या दिवसाचे संपले. यात गणित कोणालाच करावे लागत नाही आणि रुग्णाला स्वतःला किती उरले ते दिसत राहते.

तहानेचे मूळ मिठात असते, म्हणून पाण्याआधी मीठ धरले. आठ-नऊ ग्रॅम मीठ अंगात सुमारे एक लिटर पाणी धरून ठेवते; ते खाल्ल्यावर पिऊ नका असे सांगणे निष्ठुरपणाचे तर आहेच, निरुपयोगीही आहे. पेजेसोबतची खारातली आंब्याची फोड, लोणचे आणि सुकी मासळी बंद झाली. ‘कमी सोडियमचे’ म्हणून दुकानात मिळणाऱ्या मिठात पोटॅशियम क्लोराइड असते, तेव्हा ते घरात आणूच नये असे बजावले. पेज सोडायला ते तयार नव्हते. वर्षानुवर्षे सकाळी कुळागरातून परतून पेज जेवलेल्या माणसाला ती सोडायला लावण्यात मलाही शहाणपण वाटत नाही. निवळ, म्हणजे पेजेचे पाणी, गाळून शितांचा लहान वाडगा घ्यायचा आणि त्यातले उरलेसुरले पाणी १०० मिली धरून बाटलीतून वजा करायचे, असे ठरले. खतखत्यातले कंद लहान तुकडे करून भरपूर पाण्यात उकळायचे, ते पाणी फेकायचे, आणि सणाच्या दिवशी एक लहान वाटी घ्यायची. शहाळे, केळे आणि चिबूड यांना मात्र सवलत नाही.

एका बाबतीत पथ्य सैल करावे लागले. डायलिसिस सुरू होण्यापूर्वी त्यांना प्रथिने कमी करण्यास सांगितले होते आणि ते अजूनही तेच पाळत होते. आठवड्यातून एकदाच मासळी खात होते. डायलिसिसवर प्रथिनांची गरज वाढते. दर किलो वजनामागे दिवसाला १ ते १.२ ग्रॅम, म्हणजे त्यांना जवळपास ६० ते ७० ग्रॅम हवी होती. त्यांचे अल्ब्युमिन, म्हणजे रक्तातले मुख्य प्रथिन, कमी, ३.१ होते. ताजी मासळी जेवणात परत आली आणि श्रावणासारख्या न खाण्याच्या दिवसांसाठी पनीर आणि मोजकी डाळ ठरली. यामुळे फॉस्फरस वाढतो, म्हणून तो बांधणारी गोळी जेवणाच्या घासांबरोबरच घ्यायची, नंतर आठवण झाल्यावर नव्हे, हे दोघांकडून पुन्हा म्हणून घेतले. पाय दुखतात म्हणून ते औषधाच्या दुकानातून वेदनाशामक गोळ्या आणत होते. उरलेली ३०० मिली लघवी हे त्यांचे धन आहे आणि या गोळ्या ते घालवतात, असे सांगितल्यावर त्यांनी खिशातली पाकिटे काढून दिली.

राहिला चुकलेल्या पाळीचा प्रश्न. चवथीला पूजा सोडून या, असे कुटुंबप्रमुखाला सांगणे व्यर्थ होते आणि तशी गरजही नव्हती. गुरुवारऐवजी शुक्रवारी सकाळी यंत्र मिळाले असते तर पुढचे काहीच घडले नसते. पण सणाची तारीख आधी विचारून पाळी हलवण्याची पद्धत विभागात नव्हती. दोन डायलिसिसमधील लांब खंडानंतर रुग्णालयात दाखल होण्याचे आणि अचानक हृदय बंद पडण्याचे प्रमाण वाढते, हे सर्वज्ञात आहे, आणि आठवड्याला दोनच पाळ्या असणाऱ्यांना हा खंड दर आठवड्याला सोसावा लागतो. त्यात एक पाळी गेली तर शरीराजवळ राखीव काहीच उरत नाही. या प्रकरणानंतर विभागातील प्रभारी परिचारिकेने भिंतीवर वर्षाची दिनदर्शिका लावली. चवथ, दिवाळी, नाताळ, शिगमा आणि ज्याच्या त्याच्या गावची जत्रा यांच्या पंधरा दिवस आधी रुग्णाला विचारून पाळी बदलून देण्याची जबाबदारी एका परिचारिकेकडे आली. दोन रुग्ण एकमेकांची पाळी अदलाबदल करतात तेव्हा यंत्रही वाढवावे लागत नाही.

पुढील सहा आठवड्यांत त्यांची दोन डायलिसिसमधील वजनवाढ बहुतेक वेळा दोन ते अडीच किलोंच्या दरम्यान राहिली आणि डायलिसिसपूर्व पोटॅशियम ५.३ च्या आसपास होते. दिवाळीच्या आठवड्यात वाढ ३.४ किलो झाली. फराळातले मीठ त्याला कारण होते आणि ते काकींनी न विचारता, येताच सांगितले. तिसऱ्या महिन्यात दोन डायलिसिसमधील २४ तासांची लघवी पुन्हा मोजली तेव्हा ती १५० मिलीवर आली होती. त्यामुळे बाटलीवरची खूण ६५० मिलीवर आणली गेली आणि आठवड्याला तिसरी पाळी देण्याची शिफारस डॉक्टरांनी लिहिली. तिसऱ्या पाळीसाठी गावातून ये-जा कशी जमवायची, यावर मुलाशी बोलणे सध्या चालू आहे.